शुक्रवारचं कार्ड

आई,

गेल्या रविवारी धुळ्याला जाऊन आले. हल्ली फारसं जाणं होत नाही. गुडघे कुरकुरतात, आणि पिंप्राळ्याहून रिक्षाने बसस्टँडवर पोचेपर्यंतच अर्धा जीव जातो. पण तुझ्या नावाने कार्यक्रम होता, नाही कसं म्हणणार? आणि बोलावणं तिचं होतं. तुझी ती. होस्टेलची, शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जिचं गाव होतं, दोन्ही वेण्या दुमडून वर बांधायची, तुझ्या चित्रकलेच्या तासाला पहिल्या बाकावर बसायची. पुढे ती आश्रमशाळेत चित्रकलेची शिक्षिका झाली, आता निवृत्तही झाली. तिच्या शाळेतल्या मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन तिने एका वाचनालयाच्या हॉलमध्ये भरवलं होतं. आमच्या वर्गातल्या सगळ्यांना फोन करून तिने सांगितलं की टीचरची काही आठवण कोणाकडे असेल तर घेऊन या, एक भिंत त्यासाठी ठेवली आहे. मला म्हणाली, "तू मुख्य पाहुणी. टीचरची मुलगी ना तू." माझ्याकडे काही आहे का, हे तिने विचारलं नाही. असणारच, असं तिने धरलं असेल. सगळेच धरतात.

तुला वर्गातली ती चित्रांची कार्डं आठवत असतील तशीच मलाही आठवतात, फक्त मी ती लांबून पाहिली. आपल्या शाळेतल्या त्या म्हाताऱ्या परदेशी सिस्टर, ज्यांचं मराठी ऐकून मुली रुमालात हसायच्या, त्यांची भाची फ्रान्समधून त्यांना नाताळला आणि ईस्टरला पोस्टकार्ड पाठवायची. पाठीमागे दोन ओळी, पुढे चित्र. सिस्टरांना स्वतःचं असं काही ठेवता येत नसे, म्हणून त्या कार्ड वाचून झालं की ते तुझ्या हातात आणून द्यायच्या. असा गठ्ठा जमला. धुक्यातलं बंदर आणि वर लाल सूर्य. कमळांचं तळं, ज्यात पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नसे. पांढऱ्या झग्यातल्या नाचणाऱ्या मुली. वाफेने भरलेलं आगगाडीचं स्टेशन, जे बघून एक मुलगी म्हणाली होती, "टीचर, हे तर भुसावळ!" आणि तू म्हणालीस, "भुसावळच आहे, फक्त फलाटावर केळीवाला नाही." गवताच्या गंज्या, एकदा सकाळच्या, एकदा संध्याकाळच्या, एकदा बर्फातल्या. तू फळ्यावर 'इम्प्रेशनिस्ट' असा शब्द लिहिलास आणि आम्हाला सांगितलंस, की या लोकांनी चित्राचं सामान उचललं आणि सरळ उन्हात जाऊन बसले, आणि तिथे त्यांना कळलं की सावली काळी नसते.

त्याच दिवशी तू बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन बाकांमधून फिरलीस आणि प्रत्येकीच्या रंगपेटीतली काळ्या रंगाची वडी काढून घेतलीस. "मार्चमध्ये परत मिळेल," म्हणालीस. मुली हळहळल्या. काळ्याशिवाय केस कसे रंगवायचे, छत्री कशी रंगवायची? तू म्हणालीस, "छत्रीकडे जाऊन बघा आधी." माझी वडीसुद्धा त्याच डब्यात गेली. तेवढ्यापुरती मी बाकीच्यांसारखी होते.

आणि शुक्रवार. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला तू एक नाव घ्यायचीस. त्या मुलीला एक कार्ड मिळायचं, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, तू जुन्या अभ्र्याच्या कापडातून शिवलेल्या पिशवीत. सोमवारपर्यंत ते तिचं. घरी न्यायचं, उजेड येईल तिथे उभं करायचं, सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला बघायचं. गिरवायचं नाही, नक्कल करायची नाही. सोमवारी वर्गापुढे उभं राहून सांगायचं, चित्रात काय बदललं. "कार्ड तर तेच असतं टीचर, बदलणार काय?" असं पहिल्यांदा सगळ्या म्हणायच्या. आणि सोमवारी सांगायच्या! एकीला संध्याकाळी त्या तळ्यातली कमळं मिटल्यासारखी वाटली. एक म्हणाली, आजी आल्यावर चित्र लहान झालं. तू कोणालाही चूक म्हणाली नाहीस. नुसती मान हलवायचीस आणि तुझ्या डोळ्यांत असं काही यायचं, की ते आपल्यामुळे आलं पाहिजे असं प्रत्येकीला वाटायचं.

मी शुक्रवारी दुपारपासून बाकावर ताठ बसायचे. हाताची घडी, नखं स्वच्छ. नाव यायचं नाही. शाळेच्या फाटकाच्या आत तू टीचर आणि बाहेर आई, हा नियम मी कधी मोडला नाही. एकदा जिन्यावर पडले तेव्हासुद्धा "टीचर" अशीच हाक मारली. म्हणून मी तो प्रश्न घरी विचारला, स्वयंपाकघरात, तू भाकरी थापत असताना. ते स्वयंपाकघर मला आता समोर दिसतं आहे. खिडकीखाली ओटा, कोपऱ्यात पितळी कळशी, दारावर बुद्धाची तसबीर, तव्यावरून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा वास. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी आहे.

"माझं नाव कधी येणार?"

"कशात?"

"शुक्रवारी."

तू भाकरी तव्यावर टाकलीस, वरून पाणी फिरवलंस. "तू घरचीच आहेस की."

"मग?"

"मग घरचीने घरी काय न्यायचं? कार्डं जिच्याकडे असतात तिच्याच घरात राहतेस तू."

"कार्डं तर शाळेच्या कपाटात असतात."

तू हसलीस, भाकरी उलटलीस, आणि मग हसू पुसून म्हणालीस, "हे बघ. त्या शाळेत आपल्यातली पहिली बाई मी आहे. तुझ्या नानांनी किती खस्ता खाऊन मला शिकवलं. आपण एक बोट इकडचं तिकडे केलं, तर लोक दहा बोटं दाखवायला टपलेले असतात. टीचरने पोरीला दिलं, हे मला ऐकायचं नाही. तुला कळतंय ना?"

मला कळत होतं. त्या वयातही कळत होतं, हेच तर दुखणं होतं. जिला कळतं तिला काही द्यायची गरजच पडत नाही. तू भाकरीचा पापुद्रा काढून त्यात तेल-चटणी घालून माझ्या हातात दिलीस. मी ती खाल्ली. छान होती. पण कार्ड नव्हतं ते.

आणि रविवारी ती यायची. होस्टेलच्या ज्या मुलींचं गावात कोणी नव्हतं त्यांना एखाद्या घरी जेवायला जायची मुभा असे, आणि तिचं घर म्हणजे आपलं घर. तू वांग्याचं भरीत करायचीस, तिला आवडतं म्हणून, हिरव्या मिरच्यांचं, डोळ्यांतून पाणी येईल असं. जेवण झालं की मी भांडी विसळायचे आणि तुम्ही दोघी ओट्यापाशी बसून कळशीची सावली बघायच्या. हो, सावली. तासभर. तू तिचं मनगट धरून ब्रश कसा सोडायचा ते दाखवायचीस. माझं मनगट तू ताप बघायला धरलंस, रस्ता ओलांडायला धरलंस.

"काय दिसतं?" तू तिला विचारायचीस.

"टीचर, कळशीनी सावली काळी नही शे. जांभळी शे."

"बठ्ठी जांभळी?"

ती डोळे बारीक करून सगळी सावली कडेपर्यंत बघायची. "नही. कडले हिरवी दिखस."

आणि तू आनंदाने मांडीवर थाप मारायचीस. शाळेत तिच्या बोलण्याला मुली हसायच्या, तर तू त्यांना सुनावलं होतंस, "शे म्हणा की आहे म्हणा, सावलीला फरक पडत नाही. तिला दिसते, तुम्हाला दिसत नाही, फरक तिथे आहे." घरी तर तू तिच्याशी तिच्याच बोलीत बोलायचीस. माझ्याशी कधी बोलली नाहीस. माझ्याशी पुस्तकातलं मराठी, आणि अभ्यास घेताना इंग्रजी. मी भांडी विसळताना पाण्याची धार मोठी करायचे.

मग ते गंजीचं चित्र. वर्गात तू विषय दिलास, शेतातली गंजी, दुपारची वेळ. मला वाटलं, आता दाखवते. तू सोमवारी कार्ड वर्गात फिरवायचीस तेव्हा एक क्षण ते माझ्याही हातात यायचं, आणि मला ते पाठ होतं. मी हुबेहूब काढलं. गोल गंजी, वर टोपीसारखं निमुळतं टोक, बाजूला निळसर सावली. काळा रंग तर नव्हताच. तू माझ्या बाकापाशी थांबलीस. सगळ्यांसमोर विचारलंस, "पारोळ्याच्या रस्त्याने आपण मावशीकडे जातो, तिथल्या गंज्या अशा असतात?"

मी ब्रश पाण्यात बुडवला.

"कडब्याची गंजी कशी असते? लांब, घरासारखी. वर काट्या टाकलेल्या. तू गंजी पाहिली आहेस ना? मग ही कोणाच्या शेतातली?"

मुली हसल्या. तू पुढे गेलीस आणि तिच्या बाकापाशी थांबलीस. तिने कडब्याची लांब गंजी काढली होती, तिच्या सावलीत बांधलेली म्हैस, आणि म्हशीच्या पाठीवर निळं. काळ्या म्हशीला तिने काळ्याशिवाय रंगवलं होतं! तू ते चित्र उचलून खिडकीपाशी नेलंस. उजेडात धरून बघत राहिलीस. घरी आल्यावर मी रडत होते तेव्हा तू माझ्या केसांतून हात फिरवत म्हणालीस, "ती बघते, बाळा. तू आठवतेस. दोन्ही चांगलंच आहे." तू समजूत घालत होतीस. पण 'दोन्ही' म्हणताना तुझी नजर कुठे होती ते मी पाहिलं. तेवढं मात्र मी बघितलं.

तर गेल्या रविवारचं सांगत होते. हॉलमध्ये शिरले आणि डाव्या हाताची भिंत बघून थांबले. मला वाटलं होतं, तिच्याकडे एक कार्ड असेल. शेवटच्या वर्षी शाळा सोडताना तू तिला एक दिलंस हे मला तेव्हाच कळलं होतं, कपाटामागे उभी राहून तू ते तिच्या दप्तरात सरकवलंस, मी व्हरांड्यातून पाहिलं. इतकी वर्षं मी त्या एका कार्डाचा हेवा करत आले. पण भिंतीवर तर सगळा गठ्ठा होता! बंदर, तळं, नाचणाऱ्या मुली, स्टेशन, गंज्या. आणि प्रत्येक कार्डाखाली एकेक बाई उभी, पांढरे केस, चष्मे, नव्या साड्या, आणि सगळ्या एकदम बोलत होत्या.

"अगं, तुझ्याकडे कसं? मला तर टीचर म्हणाल्या होत्या, कोणाला सांगू नकोस!"

"मलाही तेच म्हणाल्या."

"मलाही! कपाटामागे बोलावून!"

"म्हणजे त्या कपाटामागे रांग होती काय गं?"

हसून हसून एकीला ठसका लागला. जामनेरहून आलेली एक, जी शाळेत सगळ्यात मागे बसायची आणि जिला धड सफरचंद काढता यायचं नाही, ती म्हणाली, "अवं माय, मी हे देवघरात ठेवलं बाई एवढी वर्षं. सुनेला पुसूसुद्धा देत नाही. मला वाटायचं, टीचरची सगळ्यात लाडकी मी." तिलासुद्धा, आई! सफरचंद न येणारीलासुद्धा. आम्ही शाळा सोडताना तू कपाट रिकामं केलंस तेव्हा एकेकीला चोरून बोलावलंस, प्रत्येकीला ती एकटीच असल्यासारखं वाटावं म्हणून. किती विचार केला असशील, कोणाला बंदर द्यायचं, कोणाला तळं. त्या विचारात माझी पाळी आली नाही. एका मुलीचा हेवा करत होते ते बरं होतं. आता संपूर्ण वर्गाचा करावा लागला, शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन, मुख्य पाहुणीच्या खुर्चीत.

आणि मग जामनेरवालीने विचारलंच. "तुझ्याकडचं कुठाय? आणलं नाहीस? तुझं तर सगळ्यात भारी असेल. घरातलीच तू."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, "घरी आहे. काढत नाही मी ते बाहेर."

"कोणतं गं?"

माझं तोंड थांबायला हवं होतं, थांबलं नाही. मी सांगितलं, "एक बाई आहे. मागच्या अंगणात कपडे वाळत घालते. पाठमोरी. दोरीवर पांढरी चादर आहे, उन्हाने भरलेली, आणि चादरीवर तिच्या हाताची सावली. निळी. खाली एक लहान मुलगी चिमट्यांची टोपली धरून उभी आहे आणि वर बघते आहे. बाईचं तोंड दिसत नाही. पण ती त्या मुलीशी बोलते आहे हे कळतं."

असं कुठलंही कार्ड नव्हतं. ते आपलं अंगण होतं, रविवारी सकाळचं, ती जेवायला यायच्या आधीचं. तिथे तू कधी गाणं गुणगुणायचीस, कधी मला एकेक चिमटा मागायचीस. "हे तर आम्ही वर्गात पाहिलंच नाही," एकजण म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं, तुझ्या त्या हिच्याकडे. गठ्ठ्यातलं प्रत्येक कार्ड तिला माहीत होतं, कपाट पुसायचं काम तिचं होतं. आता ही बोलणार, असं मला वाटलं. ती माझ्याकडे बघत राहिली, कळशीच्या सावलीकडे बघायची तशी. मग म्हणाली, "होतं ते. टीचर ते वर्गात आणत नव्हत्या."

तिने माझी लाज राखली. आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिचं ते शहाणपण, तो मोठेपणा, तुझ्याकडूनच उचललेला. मी तिला नीट निरोपही दिला नाही. बसमध्ये पारोळा मागे गेलं, एरंडोल मागे गेलं, मी खिडकीला डोकं टेकवून मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते.

त्यानंतर मोबाइलवरच्या आमच्या ग्रुपवर एकच धोशा. फोटो टाक. बाईचा फोटो टाक. चादरीवाल्या बाईचा. सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, त्यात काय? नेटवरून एखादं शोधून देते, कपडे वाळत घालणाऱ्या पुष्कळ बायका मिळतील." तिने शोधून दिल्याही. छान होत्या. पण एकीच्याही मागे आपलं अंगण नव्हतं. मी फोन तिला परत दिला. ग्रुपवर तिनेच, तुझ्या त्या हिने, सगळ्यांना लिहिलं, "घाई करू नका. जुनी कार्डं उन्हात काढली की रंग उडतो." पुन्हा तीच मदतीला.

आणि काल दुपारी तिचा फोन आला. मी मेथी निवडत होते. इकडचं तिकडचं झालं, तिच्या नातवाचं, माझ्या गुडघ्यांचं. मग ती मुद्द्यावर आली.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"ते कार्ड खरंच आहे का?"

मी मेथीची जुडी बाजूला ठेवली. तीच पुढे बोलत राहिली, आणि बोलता बोलता शाळेतल्यासारखी झाली. "त्या दिवशी तुझं तोंड पाहिलं आणि हो म्हणून गेले. म्हटलं, नसेल तर नसू दे, सगळ्यांसमोर कशाला. पण घरी आले आणि मला चैनच नाही. तू एवढं सांगितलंस, हाताची सावली, टोपली. न बघता कोणी एवढं सांगतं का? टीचरनी मला बठ्ठी कार्डं दाखवली होती, असं मी धरून होते. सगळीच्या सगळी. हे एकच मला दाखवलं नाही? का नाही दाखवलं? तुला काही म्हणाल्या होत्या का?"

तिचा आवाज बारीक झाला होता. तो आवाज मी ओळखते, आई. तो माझा आहे. भांडी विसळताना पाण्याची धार मोठी करणारीचा. तिला झोप लागत नाही, आणि ती माझ्यामुळे लागत नाही. तुझ्याकडचं काहीतरी एक, जे तू फक्त मला दिलंस आणि तिला दाखवलंसुद्धा नाहीस.

मी म्हणाले, "आहे."

"हो का," ती म्हणाली. मग, "बघायला येऊ एकदा?"

"ये की," मी म्हणाले. "गुडघे बरे झाले की कळवते."

तिला खरं सांगायचं आहे. ती भली बाई आहे, तिला असं ताटकळत ठेवणं बरं नाही, हे मला कळतं, मला नेहमीच सगळं कळतं. पण या आठवड्यात नाही सांगणार. पुढच्या आठवड्यातही बहुतेक नाही. सकाळपासून मी घरात गुणगुणते आहे, सुनेनेसुद्धा विचारलं, आज काय झालं. हे पत्र तुला पाठवायला पत्ता नाही. असता, तरी पाठवलं नसतं. तू वाचून लगेच तिचीच बाजू घेतली असतीस.